उपाशी पाणी

१

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, हिवाळा. जानेवारीचा दुसरा सोमवार. त्या सकाळी धुलाई कारखान्याच्या बॉयलरखाली आग नव्हती, आणि तरी बॉयलर चालू होता.

एकतीस वर्षं काटेकाका उजाडता उजाडता कामावर येत होते. कोट खुंटीला. मग बॉयलरच्या पोटाला लावलेल्या काचनळीत पाणी कुठवर आहे ते बघायचं, आदल्या दिवसाची राख ओढायची, कोळसा घालायचा. दाबाच्या घड्याळाचा काटा पाचावर आला की मोठा व्हॉल्व्ह उघडायचा. वाफ भिंतीपलीकडे इस्त्रीच्या रोलरांना जायची, आणि इस्पितळांच्या हजारो चादरी कोरड्या होऊन बाहेर पडायच्या. त्या काट्यावरून त्यांची नजर हलत नसे, म्हणून रोलरवरच्या बाया त्यांना काटेकाका म्हणत. स्वभावावरूनही म्हणत असतील, पण तसं तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

आज काटा पाचावर होता. भट्टीचं दार बर्फासारखं गार होतं. बॉयलरशेजारी एक पितळी पिंप उभं होतं, त्यातून तांब्याच्या नळ्या बॉयलरमध्ये शिरल्या होत्या. पिंपाशेजारी जावई उभा होता, नव्या कपड्यात.

"या मामा," जावई म्हणाला. "बघा. फुंकर न घालता पाच."

"कशावर चालतंय?"

"पाण्यावर."

"पाणी तापवायला पाणी?"

"तापवायचं नाहीच. पाण्याचा प्रत्येक रेणू वाकलेला असतो, मामा. एकशे साडेचार अंशांचा कोन. दाबून ठेवलेली स्प्रिंग समजा. मी ती स्प्रिंग सोडवतो. तेच पाणी फिरून फिरून परत येतं. नवं घालायला नको, कोळसा नको."

काटेकाका चौथी शिकलेले. कोन त्यांना भिंतीचा ठाऊक होता. त्यांनी काचनळीकडे पाहिलं. अर्ध्यावर पाणी होतं. पण चालू बॉयलरचं पाणी नळीत थरथरतं. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसं, सारखं, बारीक. हे हलत नव्हतं. काचेवर रेघ ओढावी तसं उभं होतं.

"पाणी हलत नाही," ते म्हणाले.

"आग नाही, म्हणून उकळी नाही. उकळी नाही, म्हणून हलत नाही."

उत्तर बरोबर वाटलं. त्याचाच त्यांना राग आला.

२

ते गप्प राहिले त्याला कारण होतं. त्या हिवाळ्यात कोळसा मिळेनासा झाला होता. अंगणात होता तो ढीग संपला की कारखान्याला कुलूप लागणार, असं मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. बावीस बाया घरी बसल्या असत्या. त्यांत पहिल्या रोलरवर काटेकाकांची मुलगी होती. तिच्या नवऱ्याने, म्हणजे या जावयाने, तीन नोकऱ्या घालवल्या होत्या. कुठल्याशा प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता त्याला ही अक्कल आली होती.

"बाबा, एकदा त्याला करू द्या," मुलगी म्हणाली होती. "तुम्ही नुसतं बोलू नका. तुमचं बोलणं म्हणजे तासणी."

तर ते बोलले नाहीत.

मालकीणबाई खूश होत्या. त्यांनी बॉयलरघरात एक खुर्ची आणून ठेवली. "काटेकाका, आता बसा. पगार तोच. पेपर वाचा."

"मला पेपर वाचायचा पगार नको."

"मग नुसते बसा. रागवायचा पगार समजा."

बाया हसल्या. काटेकाका बसले. एकतीस वर्षांत त्या खोलीत ते कधी बसले नव्हते. बसल्यावर त्यांना कळलं की खोलीत आवाजच नाही. रोज सकाळी वाफ शिरली की नळ तापायचे आणि भिंतीतून ठक्‌ ठक्‌ करत ठोके जायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी दारं वाजवत गेल्यासारखे. आता काहीच नव्हतं. भिंतीपलीकडे रोलर फिरत होते, चादरी कोरड्या निघत होत्या. वाफ जात होती तर नळ गप्प कसे?

चौथ्या दिवशी जावई जेवायला गेल्यावर ते उठले. बॉयलरच्या पोटावरचा तपासणीचा तोटीसारखा कॉक त्यांनी उघडला आणि मगभर पाणी काढलं. गरम असेल म्हणून फडक्याने मग धरला होता. गरम नव्हतं. त्यांनी बोट बुडवलं. बाहेर काढलं तेव्हा बोट कोरडं होतं.

पुन्हा बुडवलं. पुन्हा कोरडं.

त्यात तेल असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. जावयाने कसलंसं औषध टाकलं असेल. त्यांनी मग जुन्या राखेवर उपडा केला. पाणी राखेत मुरलं नाही. एका गोळ्यात राहिलं, राखेवर थोडं सरकलं आणि थांबलं. राख भिजली नाही. पडताना त्याचा आवाजही झाला नव्हता.

काटेकाकांनी फावड्याने ते उचललं. उचलताना लक्षात आलं की गोळा सरकला होता तो उताराच्या बाजूला नव्हे. त्यांच्या पायाकडे.

३

बायका पूर्वी जेवायला बॉयलरघरात येत. डबे बॉयलरच्या माथ्यावर ठेवायचे, दहा मिनिटांत तापायचे. हिवाळ्यात ती कारखान्यातली सगळ्यांत उबदार जागा. आता कुणी येत नव्हतं. येत होती ती एकटी मुलगी, बापासाठी.

आठव्या दिवशी ती शाल गुंडाळून आली.

"बाबा, तुमच्याकडे फार गारठा आहे."

"तुझ्याकडे रोलर आहे की तापलेला."

"रोलर तापलेला आहे," ती म्हणाली, "पण तापलेला लागत नाही हाताला. चादर कोरडी होते. मला मात्र..." आणि ती हसली. "वय झालं माझं."

"बत्तीसाव्या वर्षी? मग मी काय, खांबाला टांगायचा?"

त्यांनी तिला आपल्या थर्मासमधला चहा ओतून दिला. कपातून वाफा निघत होत्या. तिने दोन्ही हातांनी कप धरला आणि वाफा थांबल्या. दिवा मालवावा तशा. काटेकाकांनी कप तिच्या हातातून घेतला. चहा गार होता. तिची बोटं नखांपाशी मेणासारखी पांढरी होती.

"बाकीच्यांना वाजते का थंडी?"

"थोडी थोडी. मी पहिल्या रोलरवर ना. वाफ आधी माझ्याकडे येते."

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. कारखान्याच्या अंगणापलीकडेच कामगारांच्या खोल्या होत्या. बॉयलरघराच्या दारातून तिची खिडकी दिसायची. डॉक्टर येऊन गेला. थर्मामीटरमधला पारा वर चढेना, तेव्हा त्याने तो झटकला, पुन्हा लावला, आणि थर्मामीटर बिघडलाय म्हणाला. अशक्तपणा आहे, झाकून ठेवा.

चार पांघरुणं घातली. काटेकाकांनी पांघरुणात हात घालून पाहिला. माणूस झोपलेल्या अंथरुणात ऊब असते. तिथे नव्हती.

थंडी बाधली असेल, असं ते अंगण ओलांडताना मनाशी म्हणाले. माणसं आजारी पडतात. पाणी काही कुणाला ओळखत नाही. अर्ध्या अंगणात ते थांबले. पाणी कुणाला ओळखतं असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं.

४

अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी जावयाला गळपट्टीला धरून पिंपापुढे उभा केला.

"जावईबापू, एक सांगा. यातून तुम्ही काय काढलंत?"

"ऊर्जा. शक्ती. सोडा मामा, शर्ट फाटेल."

"आणि घातलंत काय?"

"घालायचं काय? पाणी आहे ते. त्याला काय पगार द्यायचा?"

"मी रोज तीस पाट्या कोळसा घालत होतो!" काटेकाका ओरडले. भिंतीपलीकडे रोलर थांबले. "एकतीस वर्षांत या बॉयलरने मला एक फुंकर फुकट दिली नाही. आणि तू म्हणतोस अकरा दिवस सगळं फुकट? तो कोन तू उघडलास. परत मिटतो का तो? खरं बोल!"

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याला आधीपासून माहीत होतं, हे काटेकाकांना त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्याने त्यांचा राग दुप्पट झाला.

"मिटतो," जावई म्हणाला. "उष्णता मिळाली तर."

"किती?"

"जेवढी काढली तेवढी."

"ती त्याला कुठून मिळणार?"

जावयाने अंगणापलीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"घरी पहिल्या प्रयोगाची बाटली होती," तो हळू म्हणाला. "पलंगाखाली ठेवली होती मी. तिच्या बाजूला. शेवाळलेली भिंत होती तिथली, ती वाळून पांढरी झाली. मला वाटलं, ओल गेली, बरं झालं."

काटेकाकांनी त्याला मारलं नाही. हात उचलला होता, तो त्यांनी पिंपाच्या नळीवर आपटला. नळी निखळली. काटा पाचावरून शून्यावर पडला. हळूहळू उतरला नाही, पडला. बॉयलरच्या पत्र्यावर डोळ्यांदेखत पांढरं दव गोठत गेलं.

"सोडून देऊ सगळं," जावई घाईने म्हणाला. "खालचा कॉक उघडू. गटारात जाईल."

"गटार कुठे जातं?"

"वस्तीखालून."

"म्हणजे आपण खायचं आणि शेजाऱ्याने फेडायचं. बाजूला हो. पाटी उचल. ती बाटलीसुद्धा घेऊन ये, ती आधी भट्टीत."

५

भट्टी पेटली. अंगणातला ढीग दोघांनी ओढायला घेतला. जावयाच्या हातांना पहिल्या तासातच फोड आले. काटेकाकांनी ते पाहिले आणि पाटी आणखी भरून दिली.

जाळ चांगला होता. एकतीस वर्षं सरावलेल्या हाताने लावलेला जाळ. पण तो गर्जत नव्हता. धुराड्यातून धूर निघाला तो थंड निघाला. काटेकाकांनी भट्टीच्या बरोबर वर, जिथे हात ठेवला तर कातडं सोलून यावं, तिथे तळवा टेकला. दव.

घड्याळ बिघडलं असेल तर हात कुठे बिघडलाय, असं ते स्वतःशी म्हणाले आणि पुढची पाटी घातली.

दुपारी मालकीणबाई आल्या. "काटेकाका! कारखाना बंद, बाया अंगणात उभ्या, आणि तुम्ही माझा शेवटचा कोळसा फुंकताय? हा काय चावटपणा आहे?"

"खुर्ची तुम्ही दिलीत," काटेकाका म्हणाले. "ती पहिली जाळली."

"मी पोलीस बोलावीन!"

"बोलवा. दोन पाट्या ओढू लागतील. पण आधी इथे हात लावा."

बाईंनी बॉयलरला हात लावला. खाली जाळ दिसत होता, तोंडावर त्याचा उजेड होता. त्यांनी हात झटकन मागे घेतला. बोटांकडे पाहिलं. मग अंगणापलीकडच्या खिडकीकडे पाहिलं. बाई व्यवहारी होत्या. अकरा दिवस चादरी कशाने सुकल्या हे त्यांना तेवढ्यात उमगलं असावं.

"मागच्या शेडमध्ये लाकडी फळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "टेबलं आहेत. काय लागेल ते घ्या." जाताना दारात वळून म्हणाल्या, "ती वाचली पाहिजे, काटेकाका. मग कारखाना गेला तरी चालेल."

"कारखान्याचं मी बघतो," काटेकाका म्हणाले. "तुम्ही तिच्याजवळ बसा. हात मात्र धरू नका तिचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोळसा संपला. काटा शून्यावर होता. मालकीणबाईंनी खिडकीतून मान हलवली. तशीच आहे. म्हणजे जिवंत आहे, एवढंच.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलंही संपली. जातंय कुठे हे सगळं, हे बघितल्याशिवाय काटेकाकांना राहवेना. बॉयलरच्या माथ्यावर माणूस उतरेल एवढं झाकण असतं. भट्टी पेटलेली असताना ते कुणी उघडत नाही. उघडणारा सांगायला उरत नाही. पण आत दाबच नव्हता. शिडी लावून त्यांनी नट सोडवले. झाकण सरकवलं. वाफ आली नाही, वासही आला नाही. त्यांनी बॅटरीचा उजेड आत सोडला.

पाणी भिंतींना टेकलेलं नव्हतं.

बॉयलरच्या पोटात ते मधोमध उभं होतं आणि चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा होती. जाळाच्या नळ्या त्याच्या आतून गेलेल्या असायला हव्या होत्या. त्या नळ्यांभोवतीही त्याने अंग चोरलं होतं. वरून ते गुळगुळीत होतं. बॅटरीचा उजेड त्यावर पडला, पण चमकला नाही.

काटेकाका श्वास रोखून वाकले होते. तो सुटला. थंडीत श्वासाचा धूर होतो तसा झाला. आणि तो धूर वर गेला नाही. धाग्यासारखा ताणला गेला आणि खाली उतरला.

मग पाण्याला मधोमध फुगवटा आला. सावकाश. वर येत येत तो त्यांच्या चेहऱ्याच्या समोर थांबला. चेहऱ्याएवढाच होता. त्यात त्यांचं प्रतिबिंब नव्हतं. दुसरं काहीतरी होतं, आणि ते तोंड उघडत होतं.

त्यांनी मान मागे घेतली. झाकण लावायचं भान राहिलं नाही. शिडीवर ते बराच वेळ भिंतीला टेकून उभे होते. उजव्या गालाची जाणीव गेली होती.

"काय दिसलं, मामा?"

"काही नाही. दारं काढ."

"कसली?"

"कारखान्याची! सगळी! चौकटींसकट!"

दारं जळाली. चौकटी जळाल्या. चादरींच्या लाकडी गाड्या गेल्या, काटेकाकांच्या कोटाची खुंटीही गेली. दर तासाला ते शिडी चढत, पण आता आत वाकत नसत. लांबूनच बॅटरी धरून कडेची फट तेवढी बघत. वीतभर होती ती दुपारी चार बोटं झाली. मग दोन. खात होतं ते. भरत होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा फट एका बोटावर आली होती. आणि जाळायला काही उरलं नव्हतं. भट्टीत निखारे काळे पडत होते. अंगणापलीकडून मालकीणबाई धावत आल्या. दाराच्या मोकळ्या भोकात उभ्या राहिल्या.

"बोला!"

"श्वास... आरसा धरला तर धुकं धरत नाही. छाती हलतेय अजून. फार थोडी."

त्या परत पळाल्या. काटेकाकांनी काळ्या होणाऱ्या निखाऱ्यांकडे पाहिलं. फट वाढायला किती वेळ लागेल, ती कुणाच्या अंगातून भरली जाईल, याचा त्यांनी विचार केला नाही. तो करायची गरज नव्हती.

७

"बाह्या वर कर," ते म्हणाले.

जावई शिडीकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं.

"मामा, हात जातील."

"जातील."

"मी चांगल्यासाठीच केलं होतं. तिला त्या रोलरवरून उठवायचं होतं मला. तुमच्यासमोर ताठ मानेने..."

"ते मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. म्हणूनच गप्प बसलो. घेतलंस तू, खुर्चीत बसलो मी. चढ."

जावई चढला. वर गेल्यावर त्याने मागे वळून पाहिलं नाही, एवढं काटेकाकांनी त्याच्या बाजूने लक्षात ठेवलं. ते त्याच्या मागून चढले.

"तुझे दोन," ते म्हणाले. "माझा एक. दुसऱ्याने तुला धरायचं आहे. तू ओढून घेशील."

"नाही घेणार."

"घेशील. मीही घेतला असता. मला धरायला कुणी नाही, म्हणून मी घेणार नाही."

त्यांनी डाव्या हाताने जावयाची मानगूट पकडली, छातीने त्याला झाकणाच्या काठावर दाबलं आणि उजवा हात त्याच्या हातांबरोबर आत घातला.

पाणी वर आलं. त्यांना वाकावं लागलं नाही.

जावई ओरडला, एकदाच. मग त्याचे दात वाजायला लागले. मग तेही थांबले. काटेकाकांनी डोळे मिटले नव्हते, पण ते आत बघत नव्हते. समोरच्या भिंतीवर एकतीस वर्षांची काजळी होती, तिच्याकडे बघत होते. कोपरापर्यंत काहीतरी चढत होतं. ते चावत नव्हतं. वासराच्या ओढीने, सावकाश, घोट घोट घेत होतं. त्यांना भीती वाटायला हवी होती. त्यांना राग आला होता. "घे," ते दातांतून म्हणाले. "घे, घे एकदाचं. मोजून घे आणि चालतं हो. तिच्याकडे बघायचं नाही."

जावयाने हात ओढला. काटेकाकांनी मानगूट आवळली. किती वेळ गेला ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. दाराच्या भोकातून येणारा उजेड पिवळा होता तो तांबडा झाला.

मग हाताखालचं सगळं एकदम खाली बसलं. धप्‌ असा आवाज झाला, भरलेली पोती जमिनीवर टाकल्यासारखा. पाणी चारी बाजूंनी पत्र्याला भिडलं. वरचा पृष्ठभाग हेलकावला आणि साध्या पाण्यासारखा साधा झाला.

दोघं कसेबसे शिडीवरून उतरले आणि भट्टीसमोर जमिनीवर बसले. तिन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढरे होते. जावयाने बोटं मिटायला बघितली. मिटली नाहीत. तो रडत नव्हता. काटेकाकांनी डाव्या हाताने अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

अंगणातून पावलं वाजली. अनवाणी, झपझप, रागातली. मागून मालकीणबाई "अगं थांब, अगं पांघरूण तरी" करत येत होत्या.

"बाबा!" दाराच्या जागी मुलगी उभी होती. केस विस्कटलेले, गाल लाल. "दारं कुठे गेली सगळी? केवढा वारा शिरतोय आत! आणि तुम्ही दोघं गारठ्यात जमिनीवर काय बसलात? भांडलात ना? नक्की भांडलात. उठा, मी चहा टाकते."

दोघांनी हात पाठीमागे घेतले.

"टाक," काटेकाका म्हणाले.

देणं फिटलं होतं.